चाळीस पावलं अलीकडे

कापणीचे दिवस आले की मामाच्या दिघाशी गावाच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून एक वास आत येतो. नुकत्याच कापलेल्या भाताचा, दवाने ओलसर झालेल्या पेंढ्याचा, आणि मधूनच कुठेतरी शेणाने सारवलेल्या खळ्याचा. शेजारची बाई पदर नाकाला लावून म्हणते, ‘धूळ किती ती, खिडकी लावा की!’ मी काच आणखी मागे सरकवते. मला या वासाने रडू येतं, हे तिला काय सांगणार? भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीचं पोट तपासणं हा माझा धंदा. वीस वर्षं तेच करतेय. एवढी शिकलेली बाई पेंढ्याच्या वासाला डोळे पुसते, हे माझं मलाच खरं वाटत नाही.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आईकडून आलंय म्हणतात. पप्पा अगदी उलटे. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात ते लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे मिस्त्री होते आणि आम्ही त्याच कारखान्याच्या मागच्या खोलीत राहायचो. आमची भिंत म्हणजे कारखान्याची भिंत. फळीवरची स्टीलची ताटं दिवसभर झिणझिणायची, पाण्याच्या हंड्यावर बारीक वर्तुळं उठत राहायची. शुक्रवारी कारखाने बंद. त्या दिवशी सगळं गप्प झालं की मला भीती वाटायची. आई म्हणायची, ‘काय गं, आज इतकी चिकटून का बसलीस?’ काय सांगणार तिला, की जमीन हलत नाहीये म्हणून!

पप्पांना ऐकू कमी यायचं. इतकी वर्षं लूमच्या आवाजात काढल्यावर दुसरं काय होणार? पण त्यांच्या हाताला ऐकू यायचं. विणकर तक्रार घेऊन आला की ते लूमवर तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे, आणि मग खाली बसून लूमचे पाय बघायचे.

‘मिस्त्रीजी, आवाज तो ठीक है,’ विणकर म्हणायचा.

‘आवाज छोड़. पाँव देख उसका. लंगड़ा रहा है.’

मग त्यांच्या पिशवीतून नमदा निघायचा. दाबून केलेल्या लोकरीचं ते जाड, करडं कापड. त्याचा नीट गोल तुकडा कापून ते लूमच्या पायाखाली सरकवायचे आणि लूम शांत व्हायचा. मशीन थरथरलं की कापड बिघडतं, एवढं एकच तत्त्व ते आयुष्यभर सांगत आले. माझ्या शिलाई मशीनच्या, टेबलाच्या, अगदी अभ्यासाच्या डुगडुगत्या स्टुलाच्या पायांनाही नमदा होता. मैत्रिणी हसायच्या. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

सहावी-सातवीत असताना ते मला वज्रेश्वरीला घेऊन गेले. कुंडातल्या गरम पाण्यात पाय सोडून मी विचारलं, ‘पप्पा, हे पाणी कोण तापवतं?’ त्यांनी तळवा कुंडाच्या दगडावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, ‘खाली कारखाना चालू हाय, बाय.’ झालं, माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यातून निघालं. पुढे कॉलेजात गेल्यावर मी घरी येऊन त्यांना दुरुस्त केलं. म्हटलं, ते पाणी फार खोलातलं नसतं, पृथ्वीचा गाभा कुठे आणि ते कुंड कुठे! ते हसून म्हणाले, ‘असेल बाबा. तू शिकलीस, तुला म्हाईत.’ त्यांना दुरुस्त करायची मला तेव्हापासूनची खोड.

माझं काम काय, हे सांगायला गेलं तर सोपं आहे. पृथ्वीच्या आत कोणी जाऊ शकत नाही. आपण खणतो ते म्हणजे कांद्याची वरची सालसुद्धा नव्हे. पण पलीकडच्या बाजूला मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी थेट पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि वीसेक मिनिटांत आपल्या पायाखाली येऊन पोचतात. आपल्याला कळतही नाही. पण यंत्राला कळतं. ती लहर कुठे रेंगाळली, कुठे घाईने निघाली, कुठे वळली, यावरून आत काय घट्ट आहे आणि काय पातळ, हे आम्ही ओळखतो. लूमवर तळवा ठेवून आतला बिघाड सांगायचा, तसंच. हे मी पप्पांना कधी असं सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला काय झालं होतं?

तो हंगाम माझ्या पीएचडीच्या चौथ्या वर्षी आला. पृथ्वीच्या अगदी मधल्या गोळ्यातून आलेली लहर मला पकडायची होती. तिच्यासाठी भूकंप जवळजवळ बरोब्बर पलीकडच्या बाजूला व्हायला हवा, आणि यंत्र शांत जागी हवं. भिवंडीत कुठली शांतता? म्हणून दिघाशीला मामाचं शेत निवडलं. माती काढून कातळ लागेपर्यंत खड्डा केला, वर सिमेंटचा ओटा घातला, आणि तांदळाच्या डब्याएवढं ते यंत्र आपल्या तीन पायांवर त्यात उभं केलं. वरून झाकण. बाजूला खांबावर सोलरची काच, बॅटरीची पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा.

मामाचं खळं नेमकं त्याच कोपऱ्यात. भात झोडायला लागले तर यंत्राला दुसरं काही ऐकूच येणार नाही. मामाने कटकट न करता खळं शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं, नव्याने चोपून सारवून घेतलं.

‘बाय गो, तुझ्या डब्यापायी मी खळा हालवला. आज्याच्या येळपासून तितंच व्हता,’ तो म्हणाला. ‘आता येक सांग. भूकंप कवा व्हनार हाय? म्हंजे भात आदी घरात नेतो.’

‘मामा, ते कोणालाच सांगता येत नाही.’

‘मंग इतकी वर्सं शिकलीस काय?’

सगळे हसले, पप्पाही हसले. ते नुकतेच रिटायर झाले होते आणि घरात बसून त्यांचे हात शिवशिवत होते. यंत्राकडे बघायला कोणीतरी हवं होतं. म्हणाले, ‘मी जाईन की दर शुक्रवारी.’ रिटायर झाले तरी त्यांची सुट्टी शुक्रवारीच. काम एवढंच, की हिरवा दिवा लुकलुकतोय ना ते बघायचं, सोलरची काच पुसायची, झाकणाखाली मुंग्या किंवा पाणी नाही ना याची खात्री करायची. माझी संस्था लांब दुसऱ्या शहरात, म्हणून मी दीड-दोन महिन्यांनी येऊन नोंदींचं कार्ड बदलणार होते.

निघण्याआधी मी त्यांना लॅपटॉपवर आदल्या दिवशीची चाचणीची रेष दाखवली. ते चष्मा वर करून बघत होते.

‘ही इथं अशी का कापते?’

‘बाजूने कोणी चाललं, बैल गेला, की हलते. हा सगळा गोंगाट. मला तो नको असतो.’

‘म्हंजे थरथर नको.’

‘हो पप्पा, थरथर नको,’ मी चार्जर शोधत शोधत म्हटलं.

इथे मी थांबायला हवं होतं. वरची थरथर नको, पण खालची सगळी हवी. म्हणून तर यंत्राचे पाय उघड्या दगडावर टेकलेले असतात. मधे कागदसुद्धा चालत नाही. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. चार्जर सापडला आणि मी निघाले.

त्या दिवसांतलं मला अजून सगळं आठवतं. मामाच्या ओसरीवर रचलेले भारे, हाताला टोचणारं कुसळ, झोडणीच्या पाटावर भात आपटल्याचा लांबून येणारा एकसारखा दणका. खळ्यात चप्पल घालून कोणी पाय ठेवत नाही. मामी सांगायची, पप्पा तुझ्या त्या खड्ड्यापाशीही चप्पल काढूनच जातात, बांधावर ठेवतात. ‘हिथं बी पीकच येनार हाय ना पोरीचं,’ असं ते मामीला म्हणाले होते. फोनवर हे ऐकून मी हसले होते. तेव्हा हसू आलं, काय करणार!

आणि भूकंप झाला. बरोब्बर पलीकडे, समुद्राखाली, मनुष्यवस्तीपासून लांब. हवा होता तसा. आमच्या संस्थेत लोक अक्षरशः टाळ्या वाजवत होते. भूकंपाला टाळ्या वाजवणारी आमची जात, देव आम्हाला क्षमा करो. मी मिळेल ती गाडी पकडून आले. शुक्रवार होता, पप्पा शेतावरच होते. बांधावर बसून मी कार्ड लॅपटॉपला लावलं. रेष सगळीकडे झुलत होती, डोलत होती. भूकंपाची वेळ काढून बघितली. माझी लहर त्या डोलण्यात विरघळून गेली होती. मागे जाऊन पाहिलं तर पहिल्या दोन आठवड्यांनंतरचं सगळं तसंच.

झाकण उघडलं. यंत्राच्या तिन्ही पायांखाली नमद्याचे तीन तुकडे. कात्रीने गोल कापलेले, एकही धागा बाहेर नाही. इतकं सुबक काम त्यांनी कुठल्या लूमलासुद्धा केलं नसेल.

ते माझ्या मागेच उभे होते. अनवाणी. चेहऱ्यावर ते हसू, दुरुस्त केलेल्या लूमवर कापड नीट उतरताना बघून यायचं ते.

‘आता थरथर बंद झाली ना गं?’

मी काय बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘कोणी सांगितला होता हा शहाणपणा? हा काय तुमचा लूम वाटला? चार वर्षं वाट बघितली मी, चार वर्षं! वाटोळं केलंत सगळ्याचं. यापुढे याच्या जवळसुद्धा यायचं नाही. लांब राहायचं. कळतंय का? लांब!’

मामा हातात विळा घेऊन जागच्या जागी उभा. पप्पांना ऐकू कमी यायचं हे खरं, पण कारखान्याच्या गोंगाटात आयुष्य गेलेला माणूस समोरच्याचे ओठ वाचतो. त्यांनी माझा प्रत्येक शब्द वाचला.

ते एवढंच म्हणाले, ‘मंग आता दुसरा कधी व्हनार?’

त्यांनी ते तीन तुकडे उचलले, झटकून पिशवीत ठेवले, बांधावरून चपला उचलल्या आणि हातात धरूनच रस्त्याकडे निघाले. त्यांचा डावा गुडघा त्याआधीपासूनच दुखत होता. लंगडत गेलेली ती पाठ मी पाहिली आणि तरीही हाक मारली नाही. मी यंत्र पुन्हा दगडावर बसवत होते.

पुढे काय झालं? काही नाही. दुसऱ्या ठिकाणच्या नोंदी मिळाल्या, वर्षभर उशिरा का होईना पीएचडी झाली, नोकरी लागली. जग काही बुडालं नाही. एका लहरीसाठी मी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. जानेवारीत यंत्र काढायला गेले तेव्हा मामाला विचारलं, ‘पप्पा येऊन गेले का मधे?’

‘न्हाय गो. त्या दिसापास्नं घराकडं फिरकला न्हाय. लागला असल मनाला.’

घरी मात्र पप्पा बोलायचे, जेवायचे, माझ्या लग्नात सगळ्यांच्या पुढे होते. फक्त माझ्या कुठल्याही वस्तूला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. माझ्या घरचा पंखा आवाज करायला लागला, म्हटलं, ‘पप्पा, बघा ना जरा.’ म्हणाले, ‘कारागीर बोलाव बाय, मला न्हाय आता जमत.’ मिक्सर झाला, लेकीची सायकल झाली. तेच उत्तर, तेच हसू. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर मात्र त्यांनी तासाभरात चालू करून दिली होती. मी समजायचं ते समजले. माझ्या कामाचंही पुन्हा कधी विचारलं नाही. वाटलं, यांनी मला मनातून काढून टाकलंय.

माफी मागायची मी दहा वेळा ठरवली. शब्द ओठांवर आले की ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि लगेच म्हणायचे, ‘च्या घेतेस का?’ ओठ वाचणारा माणूस, त्याला पुढचं कळत असणारच. शेवटच्या आजारपणात खाटेच्या लोखंडी दांडीवर त्यांचा तळवा असायचा. त्यावर मी माझा हात ठेवला. म्हटलं, ‘पप्पा, त्या वेळी शेतावर...’ त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ते गेले. माझं वाक्य तसंच अर्धं राहिलं, आणि तेव्हापासून मी ते अर्धं वाक्य घेऊन हिंडत होते.

यंदा संस्थेने ठरवलं की ठाणे जिल्ह्यात एक कायमचं यंत्र बसवायचं. जागांच्या यादीत मामाचं शेतही होतं. जागा किती शांत आहे हे बघायला जुन्या नोंदी लागतात. दिघाशीच्या नोंदी मी तेव्हा ‘निकामी’ असं नाव देऊन बाजूला टाकल्या होत्या. भांडणानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत मोठा भूकंपच झाला नव्हता, म्हणून त्या तर मी उघडूनही बघितल्या नव्हत्या. एका दुपारी सगळ्या उघडल्या.

माणूस चालला की रेषेवर बारीक टोकं उमटतात. आम्ही ती गोंगाट म्हणून पुसतो. हंगामाच्या सुरुवातीचे शुक्रवार बघत होते. सकाळी अकराच्या सुमाराला टोकं सुरू होत होती, एक मोठं, एक लहान, एक मोठं, एक लहान. डावा गुडघा. पप्पांची चाल. मी मोजली. बांधापासून खड्ड्यापर्यंत चौसष्ट पावलं. प्रत्येक शुक्रवारी चौसष्ट, शेवटची सगळ्यांत ठसठशीत. मग झाकणाची खुडबूड. मग चौसष्ट परत.

भांडणाचा शुक्रवार आला. माझीही पावलं होती त्यात, दणदण आपटलेली. तो मी घाईने पुढे ढकलला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी काही नसणार हे मला ठाऊक होतं.

अकरा वाजता टोकं सुरू झाली. एक मोठं, एक लहान. चोवीस पावलं, आणि मग बंद. पुढे सरळ रेष. एखादी लहर पृथ्वीच्या आरपार येऊन पोचेल इतका वेळ नुसती सरळ रेष. मग चोवीस पावलं परत.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी चोवीस. त्याच्या पुढच्याही. यंत्र काढून नेलं त्या आठवड्यापर्यंत एकही शुक्रवार चुकलेला नाही. मामाच्या घराकडे ते फिरकले नाहीत, म्हणून मामाला कळलं नाही. एसटीने यायचे, बांधावर चपला काढायचे, चोवीस पावलं चालून उभे राहायचे आणि कोणाकडे पाणीसुद्धा न पिता परत जायचे. लांब राहा म्हटलं होतं मी. ते चाळीस पावलं लांब राहिले.

उभा माणूस सारखा या पायावरून त्या पायावर भार टाकतो. दुखरा गुडघा असला तर जास्तच. ती रेष मी मोठी करून करून बघितली, तिच्यात तेवढंही हललेलं नाही. मला थरथर नको होती ना! मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मनातून काढून टाकलं म्हणे! मीच वेडी, मीच आंधळी, पृथ्वीच्या पोटातलं वाचणारी.

गेल्या आठवड्यात नवं यंत्र त्याच ओट्यावर बसवलं. तिन्ही पाय दगडावर. मामा आता काठी घेऊन चालतो, पण त्याने खळं पुन्हा दुसऱ्या टोकाला हलवून घेतलंय. नंतरच्या शुक्रवारी मी एकटीच गेले. बांधावर चपला काढल्या. कापलेल्या भाताचे खुंट तळपायाला टोचत होते. माझी पावलं लहान, म्हणून ढांग जरा लांब टाकत मोजत गेले. चोविसाव्या पावलावर थांबले. तिथून खांबावरचा हिरवा दिवा स्वच्छ दिसत होता. दिवा लुकलुकतोय ना एवढं बघायचं, हे मीच त्यांना सांगितलेलं काम. लांबून जेवढं करता येईल तेवढं ते करत राहिले होते.

मग उरलेली चाळीस पावलं मी चालले. दबकत नाही, चांगली पाय रोवून. झाकणावर तळवा टेकवला आणि मोठ्याने म्हटलं, ‘पप्पा, चुकलं माझं. तुमचा हात हवा होता मला.’ पलीकडच्या टोकाला झोडणी चालू होती, त्या दणक्यात कोणाला ऐकू गेलं नसेल.

सोमवारी ऑफिसात सहकारी बाईंनी नोंदी चाळता चाळता विचारलं, ‘मॅडम, दिघाशीला शुक्रवारी अकरा वाजता कोणीतरी अगदी यंत्रापाशी गेलेलं दिसतंय. गोंगाट आहे. काढून टाकू का तेवढा भाग?’

‘नको, राहू दे,’ मी म्हटलं. ‘घरचं माणूस आहे.’